हौद्याचे अस्तर आणि त्याखालचा पत्रा

काल, ९ ऑक्टोबर रोजी, गॅरेजवाले जब्बारभाई यांनी माझ्या पिकअपच्या हौद्यातले प्लास्टिकचे अस्तर उचलले आणि वाकून पाहत म्हणाले, "क्या सेठ, इसमें से तो सडक दिखरी!" पत्र्याची चाळणी झाल्याची खात्री मी स्वतः बोट घालून केली. संध्याकाळी डॉक्टरांनी माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला दिला. पत्नी पद्मावती हिला ही दुसरी बाब मान्य नाही. तरीही मी, दत्तोबा नामदेवराव बिरादार, वय ७१, धंदा बेगम बाजारात चिंच व मिठाची घाऊक विक्री, राहणार तारनाका, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. १९९४ चे मृत्युपत्र रद्द समजावे. ते रागात लिहिले होते आणि त्यात मुलीचे नाव नव्हते.

१. तारनाक्याचे घर व बँकेतील ठेवी पद्मावतीच्या. तिच्या पश्चात दोन्ही मुलांना समान. मुलगा गौतम संगणकाच्या नोकरीत सुखी आहे, चिंचेचा वास त्याला सोसत नाही. त्याला माझे घड्याळ. ते पाच मिनिटे पुढे आहे, तसेच राहू द्यावे.

२. पिकअप. ती १९९४ साली नवी घेतली तेव्हा हौद्यात काय अंथरावे यावर घरात आठ दिवस वाद झाला. दुकानाचा माल पोचवण्याचे काम तेव्हा मुलगी चारुलता पाही. तिने रबरी चटई आणली. रोज उचलून खालचा पत्रा पुसता येईल, हे तिचे म्हणणे. मेहुणे मुकुंदराव यांनी घट्ट बसणारे प्लास्टिक सुचवले. "बाजार खुला झालाय, दाजी. अमेरिकेत हेच घालतात."

मी प्लास्टिक निवडले, कारण ते चकाकत होते. सीटवरचे प्लास्टिकही मी अजून काढलेले नाही.

चारू म्हणाली, "अप्पा, निदान पत्र्याला चार भोकं तरी पाडा. मिठाचं पाणी जाणार कुठं?"

"कोऱ्या गाडीला भोक? आधी माझ्या कपाळाला पाड!"

"तिथून काय निघणार?"

मुकुंदराव हसले. म्हणून मी बोलून गेलो की पोरींना गाडीतले काय कळते. तिने किल्ली गल्ल्यावर ठेवली. तेव्हापासून मी दुकानात असेन तेव्हाच ती आईला भेटायला घरी येते.

पुढे दर दसऱ्याला मी स्वतः पाच बादल्या पाण्याने हौदा धुतला, हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला. वरून अस्तर आरशासारखे. खाली गंज. यंदाची पूजाही नऊ दिवसांपूर्वी यथासांग झाली.

सबब पिकअप, दुकान आणि गोदामात गुंडाळून ठेवलेली ती रबरी चटई चारुलताची. चटई मी फेकली नव्हती, हे तिला कळावे. तिचेच बरोबर होते, हे वाक्य वकिलांनी सर्वांसमोर मोठ्याने वाचावे. मुकुंदराव उशिरा आल्यास पुन्हा वाचावे.

३. प्लास्टिकचे अस्तर मुकुंदरावांना. गच्चीवर ठेवून त्यात कोथिंबीर लावावी. खाली पाणी तुंबल्यास अमेरिकेला विचारावे.

सोमवारी जब्बारभाई नवा पत्रा बसवणार आहेत. भोके कुठे पाडायची ते खडूने आखून दे, असा फोन मी स्वतः चारुलताला केला. ती "बघते" म्हणाली. पद्मावतीच्या मते "बघते" म्हणजे येणार. ती येईपर्यंत पत्र्याला ड्रिल लागणार नाही.

हैदराबाद, १० ऑक्टोबर १९९८

दत्तोबा नामदेवराव बिरादार (सही)

आमच्या समक्ष सही केली:
१. केशवराव मुळे, शेजारी (सही)
२. अब्दुल जब्बार, गॅरेजवाले (सही)