दिवा उजव्या बाजूला

१४ मार्च, सकाळ

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. मी ठीक आहे. तुझ्या हाताचं बँडेज निघालं हे आपल्या मधलीच्या फोनवरून कळलं. तू अवजारं विकायची म्हणतोस, हेही तिनेच सांगितलं. दोन महिने तिच्या घरी बसून हेच सुचलं वाटतं तुला!

विकायच्या आधी माझं ऐक. गॅरेजमध्ये तुझ्या कामाच्या टेबलावर मी दिवा लावलाय. हवा तसा वळवता येणारा, स्वतः केलेला. बल्ब पाठीमागे होता, आपल्याच हाताची सावली कामावर पडली, म्हणून पटाशी निसटली, असं तू येईल त्याला सांगत होतास ना? म्हटलं, ती तक्रार तरी संपवून टाकू.

जुन्या टेबललॅम्पची टोपी, दोन लाकडी पट्ट्या, तीन बोल्ट. हार्डवेअरवाला म्हणाला, "बाई, घरातल्या कुणा पुरुषमाणसाला पाठवा, त्यांना नीट समजावतो."

"त्यांना मीच समजावते," म्हटलं. "तुम्ही बोल्ट काढा."

काढले त्याने.

आधी दिवा वर केला की पेंगुळल्यासारखा हळूहळू खाली यायचा. बोल्ट कितीही आवळा. शेवटी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या चकत्या कापून पट्ट्यांच्या सांध्यात घातल्या. आता ठेवावा तिथे राहतो.

मध्येच उठले. दूध उतू गेलंसं वाटलं. गेलं नव्हतं. सकाळपासून हे तिसऱ्यांदा.

तर, टेबलासमोरच्या भिंतीवर डाव्या बाजूला चार भोकं पाडून तो बसवला. तुझ्या स्टुलावर बसून पटाशी धरून पाहिली. सावलीचं नाव नाही. स्वतःवरच खूश झाले. मग पटाशी जागेवर ठेवायला गेले, तर तिचा खिळा पार डावीकडे. करवती डावीकडे. गोंदाची बाटलीही डावीकडेच. माझा उजवा हात कशालाच पोचेना.

तू डावरा आहेस. 'हे माझ्या लक्षातच नव्हतं' असं पुढे लिहिलं होतं, ते खोडलंय. दिसत असेल तुला.

आई गेल्यावर तुला अक्षरं मी गिरवायला लावली. तू सहा वर्षांचा, मी कॉलेजात. डाव्या हातात पेन्सिल दिसली की पट्टी. लोक हसतील म्हणायची. कुठले लोक? सगळं सरळ मलाच हवं होतं.

त्या दिवशी मी चहा घेऊन आले तेव्हा तू खुर्चीचा पाय कोरत होतास. पटाशी डाव्या हातात होती. मी दारातून "काय रे, चाललंय का?" म्हटलं, आणि तू ती झटकन उजव्या हातात घेतलीस. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस! मी पाहिलं, आणि तरी कपबशी धरून तिथेच उभी राहिले. पुढच्याच रेट्याला पटाशी निसटून तुझ्या डाव्या तळव्यात घुसली.

सावलीचं तू माझ्यासाठी सांगत होतास. मला कळत होतं, तरी दोन महिने सांगू दिलं.

दिवा काढून उजव्या बाजूला बसवलाय. डावीकडची भोकं मी बुजवीन. अवजारं विकू नकोस, परत ये. तू कामात असशील तेव्हा मी दार वाजवीन, 'ये' म्हणालास तरच आत येईन. विसरले तर हाकलून दे.

डॉक्टरांनी बोटांना व्यायाम सांगितलाय ना? मग याचं उत्तर डाव्या हाताने लिही. दोन ओळी पुरेत. अक्षर कसंही येऊ दे. उत्तर 'नाही' असलं तरी त्याच हाताने लिही.

माफी मागायची मला सवय नाही. मागते आहे.

तुझी,
ताई