देवघराबाहेरचा टाक

आप्पा, गेलेल्या माणसाचा चेहरा घरातल्यांना कुठवर हवा असतो? घरात पहिली पदवी माझी, पण याचं उत्तर मला कुठेच मिळालं नाही.

तुम्ही गेलात आणि देवघरात तुमचा चांदीचा टाक बसवायचा राहून गेला. मुखेडातल्या कितीतरी घरांतले गेलेले आईबाप तुम्हीच पत्र्यावर उठवलेले. आई म्हणाली, दुसऱ्या सोनाराच्या हातचा नको, पोरगी शिकू दे, तीच करील. लहानपणी शाळेतून आले की मी तुमच्या भट्टीशेजारी बसायचे. एकाच ठशातून सगळे टाक निघायचे, तेच वटारलेले डोळे, त्याच मिशा. असं का, म्हणून मी विचारते, तर तुम्ही फुंकणी बाजूला ठेवून म्हणता, "सारखेच बरे. न्हाईतर माझा बाप देखणा का तुझा, म्हणून भांडत बसतीन लोकं."

आता लातुरात आम्ही तिघी मैत्रिणी मिळून दागिन्यांचा स्टुडिओ चालवतो. एकीचं लेझर, एकीचं ओतकाम, माझं हातकाम. हात आणि मशीन जोडीने चालले तर तुमची कारागिरी जगेल, हे मी येईल त्याला ऐकवत असते. तुमच्या फोटोवरून कॉम्प्युटरवर चेहरा उभा केला, मेणाचा नमुना काढला, चांदी ओतली. पापण्या आणि भुवईवरचा व्रण मी स्वतः कोरला. मैत्रीण म्हणाली, "अगं, काका आता बोलतील."

आई तो तळहातावर घेऊन बघतच राहिली. "हे तर हेच हाईत की. यांना चिंच लावून घासू कशी? डोळ्यात जाईल." टाक देवघरात गेलाच नाही. तुम्ही जेवायला बसायचात त्या बाजूच्या फळीवर तिने तो ठेवला. आधी त्याच्यापुढे ताट, मग स्वतः. मावशी उदगीरहून न्यायला आली, तर आई म्हणते, "यांना एकटं टाकून? काय बोलून राहिलीस?" तुम्ही गेलात तेव्हासुद्धा ती अशी घरात कोंडून बसली नव्हती.

शेवटी मी टाक मागून घेतला. पॉलिशच्या मशीनवर क्षणात झालं असतं, पण बारीक कागद घेऊन अंगठ्यानेच घासत बसले. आधी व्रण गेला, मग पापण्या, मग नाक. ओळखू न येण्याइतके तुम्ही पुसट झालात तेव्हा थांबले. आईने तो उलटसुलट करून पाहिला. चिंच भिजत घातली, घासून तुम्हाला देवघरात बसवलं आणि मावशीला फोन लावला.

हे पत्र मी तिलाही दाखवणार नाही. ती उदगीरच्या एसटीत बसली त्या दिवशी स्टुडिओत येऊन मी कॉम्प्युटरवरचा तुमचा चेहरा उघडला, मोठा केला, नमस्कार करायचंही सुचलं नाही, आणि पुसून टाकला.