तेवीस घंटांचा मनोरा

ता. ६ सप्टेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर धड बोलता आलं नाही म्हणून हे सविस्तर. आई बरी आहे. माझं नवं घर लावून द्यायला आली आणि माझ्याच जिन्यावरून पडली, याचा तिला दुखण्यापेक्षा अपमान जास्त वाटतो आहे. खुब्याचं ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी वर्ष संपेपर्यंत प्रवासाचं नाव काढू नका म्हणून सांगितलंय. तिचा पलंग मी चौकाकडच्या खिडकीशी लावला आहे. तिथे पडल्या पडल्या तिची माझ्या पडद्यांना, भांड्यांच्या मांडणीला आणि समोरच्या पाववालीच्या पाटीला नावं ठेवून झाली आहेत, तेव्हा प्रकृती सुधारते आहे असं समज.

आता मी घंटावादक म्हणून लागले त्या माझ्या मनोऱ्याचं. तू हसशील. तुझ्याकडे एकोणपन्नास घंटा, माझ्याकडे तेवीस. दोन सप्तकं भरली की खेळ खलास. त्यातही बनवणाऱ्यांनी काटकसर म्हणून खालचा कोमल रे आणि कोमल ग ओतलेलेच नाहीत. सगळ्यात मोठी घंटा म्हणजे माझा खालचा सा, तोही तुझ्या सगळ्यात मोठ्या घंटेच्या, थोरलीच्या, बरोबर एक सप्तक वर. तुझ्याकडे जी घंटा मधली पोरगी म्हणून वावरते, ती माझ्याकडे घरातली कर्ती आहे. तरी खोली गोड आहे. मुठीने मारायचे लाकडी दांडे हातांनी घासून गुळगुळीत झालेत, पायपट्ट्यांना नवं चामडं आहे आणि छपरातून कबुतरं माझा रियाज तपासत असतात.

मुख्य गोष्ट पुढेच आहे. बारा ऑक्टोबरला बाबांचा स्मृतिदिन. दर वर्षी तू त्यांची रचना वाजवतोस आणि आई खाली बाकावर बसून ऐकते. या वर्षी तिला तिकडे येता येणार नाही. काल तिने मला सांगितलं की तिला ती रचना हवी आहे, या खिडकीतून, मी वाजवलेली. दुसरं काही मागितलं नाही. मी हो म्हणून बसले आहे. स्वरलिपी पाठव.

वहिनीला नमस्कार. तुझा लोभ उतू जाऊ दे, कमी पडू देऊ नकोस.

तुझी,
शेंडेफळ

---

ता. १३ सप्टेंबर

चि. शेंडेफळास,
अ. उ. आ.

पत्र वाचून वहिनी म्हणाली, ही पोरगी आधी हो म्हणते आणि मग विचार करते. मी म्हटलं, दुसरी पायरी तिला माहीतच नाही.

स्वरलिपी सोबत आहे, पण माझं ऐक, वाजवू नकोस. मनोऱ्याच्या मापाबाहेरचं संगीत त्याच्या अंगावर चढवता येत नाही. बाबांनी रचना केली ती पूर्ण चार सप्तकांसाठी. धून वर चालते, खाली मोठ्या घंटा सावकाश पावलं टाकतात आणि मधे मोकळी जागा राहते. तुझ्याकडे खालचं सगळं एक सप्तक वर उचलावं लागेल, म्हणजे ते धुनेच्या पायात येईल. शिवाय लहान घंटांचा आवाज लवकर विरतो. जिथे बाबांनी एक सूर लांबवला आहे, तिथे तुझ्याकडे नुसतं टण्ण आणि पुढे कोरडं. तुझ्या मनोऱ्याला चपळ चाली शोभतील. नाचाच्या, पाळण्याच्या, थेंब पडल्यासारख्या. त्या मोठ्या मनोऱ्यावर वाजवल्या तर लगदा होतो, तुझ्याकडे मोत्यासारख्या सुट्या ऐकू येतील. अशा चारपाच पाठवतो, त्यातली एक निवड.

आणि शेवट? सगळे सूर खाली उतरत येतात आणि थोरलीवर थांबतात. आईसाठी रचना म्हणजे तो शेवटचा टोला. तो नसला तर तिला बाबा अर्धेच भेटतील. तिच्या या अवस्थेत मला ते नको आहे. रागावू नकोस.

आईला औषधं वेळेवर दे. ती नाही म्हणाली तरी दे. आहे ती माया आहेच, पत्र मात्र लौकर धाड.

तुझा,
दादा

---

ता. २५ सप्टेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू म्हणालास तसंच झालं, हे आधी कबूल करून टाकते. पहिला आठवडा मी सगळे सूर कोंबून पाहिले. मनोऱ्यात सरावाला भिंती नसतात, माझी प्रत्येक चूक अख्ख्या चौकाने ऐकली. आईने खिडकीतून ऐकून सांगितलं की भांडी पडल्यासारखं वाटतंय. पाववाली तर म्हणाली की आधीचा वादक बरा होता, तो फक्त तास वाजवायचा.

मग मी सूर गाळायला लागले. खालच्या घंटांची पावलं निम्मी केली, नंतर आणखी निम्मी. मोठ्या घंटेच्या नादाच्या पोटात तिचा स्वतःचा एक कोमल गंधार असतोच, तिच्यावर दाटीवाटीने सूर रचले की ती कुरकुरते, तेही काढले. धून आणि तिच्याखाली एखादी घंटा, एवढंच राहिलं.

पण काल जे घडलं ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. शेवटाकडे उतरत आले. माझा खालचा सा वाजवला. इथून पुढे तुझ्याकडे पाय थोरलीवर जातो. मी बाबांजवळ तुझ्याच मनोऱ्यावर शिकले ना, पाय सवयीने डावीकडे गेला आणि रिकाम्या जागेतून थेट बाकाच्या लाकडावर आपटला. अंगठा असा ठणकला की मी दोन्ही हात सोडून तशीच बसून राहिले. आणि दादा, त्या शांततेत थोरली वाजत होती.

मी शपथेवर सांगते. माझ्या सा-चा टोला विरत गेला आणि त्याच्या खालून, एक सप्तक खाली, तोच तुझा सूर. आधी कळेल न कळेल असा, मग फक्त तोच. मी अंगठा विसरून दांड्यांवर हात ठेवला तर लाकूडही थरथरत होतं. नसलेली घंटा माझ्या घंटेच्या आत होती आणि मी इतके दिवस तिच्यावर दुसरे सूर मारून तिला बुजवत होते.

मी आईला अजून सांगितलेलं नाही. तू काय म्हणतोस? अंगठा निळा झाला आहे, तेव्हा माया दुप्पट पाठव.

तुझी,
शेंडेफळ

---

ता. २ ऑक्टोबर

चि. शेंडेफळास,
अ. उ. आ.

अंगठ्याला बर्फ लाव. बाकाला काही झालं नसावं अशी आशा आहे.

तू ऐकलंस तो घंटेचा घुमारा. प्रत्येक घंटेत टोल्याच्या एक सप्तक खाली तो असतोच, आपल्याला पहिल्या वर्षी शिकवलेलं. मला पाठ होतं, म्हणून मी कधी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. आता तुला मोडता घालायचा म्हणून नाही, पण दोन गोष्टी सांगतो. घुमारा तुझ्या खोलीत ऐकू येतो म्हणून चौक ओलांडून आईच्या पलंगापर्यंत जाईल असं नाही. एखादी मोटार गेली की संपलं. आणि तो वर यायला वेळ लागतो. तेवढा वेळ तू काहीच वाजवायचं नाहीस. खाली लोकांना वाटेल की बाई विसरल्या. तुझा हात शिवशिवेल. तो आवरलास तरच काही घडेल.

काल मी रिकाम्या मनोऱ्यात जाऊन तुझ्या सा-ची जोडीदारीण एकटी वाजवली आणि बसून राहिलो. खाली थोरली स्वस्थ लटकत होती आणि तिचा सूर हवेत होता. इतकी वर्षं मी तिथे काम करतो आहे. मला फार लहान झाल्यासारखं वाटलं, पण वाईट वाटलं नाही.

वाजव. जिथे शंका येईल तिथे आणखी एक सूर काढ. मी इथे त्याच वेळी वाजवीन. आम्हा दोघांचे आशीर्वाद तुझ्यापाशी आहेतच.

तुझा,
दादा

---

ता. १२ ऑक्टोबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

वाजवलं. वारा पडलेला होता. धुनेत एक सूर घसरला, तो कोणाला कळला नसावा. शेवटचा सा दिला, मुठी मांडीखाली दाबल्या आणि थांबले. खालच्या बोलण्याचा आवाज एकाएकी बंद झाला. घुमारा वर आला तेव्हा मला रडू येत होतं आणि मी रडतही नव्हते. किती वेळ गेला सांगता येणार नाही. खाली उतरायची भीती वाटली.

आईजवळ गेले तर तिने माझा हात धरून ठेवला. ऐकू आलं का विचारलं, तर म्हणाली की ते मी दादाला लिहीन, तू आधी जेव. म्हणून मला अजून काही माहीत नाही. तिचं पत्र आलं की मला कळव. तोवर जीव टांगणीला आहे, सांभाळून घे.

तुझी,
शेंडेफळ

---

ता. १३ ऑक्टोबर

चि. दादास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अक्षर वाकडं आहे, पलंगावर बसून लिहिते आहे. पाय बरा आहे. तुझी बहीण मला रोज दुधी खायला घालते, तिला जरा समजाव.

काल तिने वाजवलं. सुरुवातीला वाटलं, हे फारच थोडं आहे. तुमच्या बाबांचं म्हणजे डोंगर उतरून आल्यासारखं असायचं, हे अंगणात चालल्यासारखं. पण चाल त्यांचीच होती. मग शेवट आला आणि मी थोरलीची वाट पाहायला लागले. ती काही वाजेना. मला माहीत होतं इथे ती घंटा नाही, तरी मी खिडकीकडे सरकले. पाववाली दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून तशीच उभी राहिली. आणि मग ती आली. कोणी न मारता. खिडकीच्या चौकटीवर माझा हात होता, तिथून मला ती कळली, मग कानात आली.

आता तुला एक सांगते, हे मी तुम्हा दोघांना कधी बोलले नाही. शेवटचा टोला झाला की तुमचे बाबा लगेच खाली यायचे नाहीत. लोक निघून जायचे, मी त्या बाकावर कुडकुडत बसलेली असायचे. आमच्या संसारातली निम्मी भांडणं त्यावरूनच झाली. उशीर का म्हणून विचारलं की ते म्हणायचे, अजून संपलं नव्हतं. मला वाटायचं, कागद आवरत असतील, नाहीतर कोणाशी गप्पा. म्हणून टोला पडला की मी उठून पिशवी उचलायचे आणि बडबडायला लागायचे. इतक्या वर्षांत त्यांची रचना मी एकदाही पुरती ऐकली नव्हती. काल पलंगावरून उठता येत नव्हतं म्हणून ऐकली. काल पहिल्यांदा आम्ही दोघं बरोबर थांबलो.

पुढच्या वर्षी तू वाजवशील तेव्हा लगेच खाली उतरू नकोस. सूनबाई वाट पाहत असली तर पाहू दे. मी बसेन तिच्याजवळ.

तुझी,
आई