रूझा लोव्रिचचा डावा हात

मी, रूझा लोव्रिच, वडिलांचे नाव मातो, राहणार पोद्गाय, यायत्से गावाच्या वरच्या अंगाला, वय पंचाहत्तर, अविवाहित, आरोग्य केंद्रातून निवृत्त झालेली परिचारिका, माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचे काय व्हावे ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझा भाचा झारको याच्याकडे असा दाखला नाही, याची नोंद घ्यावी.

ओळखीची खूण: उजव्या पंजाच्या पाठीवर वर्तुळात गोंदलेला क्रूस. डावा पंजा कोरा.

१. डावा पंजा कोरा का, हे गावाला माहीत आहे, न्यायालयाला नसेल. आमच्याकडे मुलींचे हात संत योसेफाच्या सणाला गोंदतात. एका वर्षी उजवा, पुढच्या वर्षी डावा. माझा उजवा हात काता मावशीने गोंदला. डाव्याची पाळी येण्याआधीच मला नन करायचे म्हणून मठाच्या शाळेत धाडले. तिथे सिस्टर ब्लांदीनाने माझा हात उचलून विचारले, "हे काय गं? गुरांसारखा डाग?"

मी म्हणाले, "क्रूस आहे, सिस्टर. तुमच्या गळ्यात आहे तोच."

त्यानंतर दर शनिवारी ती माझा हात फरशी घासायच्या ब्रशने घासत असे. मी नन झाले नाही. सुट्टीत घरी आले तेव्हा काता मावशीला पुरून झाले होते.

तो ब्रश मी मठ सोडताना बरोबर आणला होता. तो मठाला परत करावा. सोबत चिठ्ठी द्यावी: "क्रूस गेला नाही."

२. सुया, सुया उकळायचे भांडे आणि काजळी धरायची लोखंडी ताटली माझी भाची, झारकोची धाकटी बहीण टेना हिला. गावातले बहुतेक हात मीच गोंदले आहेत. स्वतःचा मात्र राहिला. एका हाताने सुई धरता येते, पण दुसऱ्या हाताची कातडी ताणायला तिसरा हात लागतो, आणि तो देवाने दिलेला नाही.

टेना समुद्रकाठच्या स्प्लिट शहरात यंत्राने गोंदणे शिकली आणि पर्यटकांच्या खांद्यांवर पिसे व फुलपाखरे काढत होती. दोन हिवाळ्यांपूर्वी ती दारात उभी राहून म्हणाली, "आत्या, मला हाताने गोंदायला शिकव."

"का? फुलपाखरं उडून गेली?"

"टोमणे नंतर मार. आधी आत घे, थंडी आहे."

तिला काय शिकवले ते इथे लिहिते, म्हणजे ती विसरली तर मृत्युपत्र उघडून बघेल. डाव्या अंगठ्याने कातडी ढोलासारखी ताणावी. सैल कातडीवर रेघ थरथरते. सुई तिरकी धरावी आणि वरचा पापुद्रा ओलांडला की थांबावे. ते बोटाला कळते. उथळ टोचले तर रंग खपलीबरोबर निघून जातो, खोल टोचले तर फुटतो आणि क्रूसाचा निळा ढग होतो. त्याच जागी पुन्हा पुन्हा टोचू नये. रक्त पुसताना टिपावे, घासू नये. घासण्याबद्दलचे माझे मत वर आलेच आहे. जुन्या बाया काजळी बाळंतिणीच्या दुधात कालवत. परिचारिका या नात्याने मी ते बंद केले आणि त्याबद्दल पुष्कळ ऐकून घेतले. टेनाने सीलबंद शाई वापरावी. परंपरेत जंतू आवश्यक नाहीत.

सराव तिने डुकराच्या कातडीवर केला. त्या नाताळात आमच्या पाद्रींना, फ्रा बोनोंना, भेट दिलेल्या डुकराच्या मांडीवर क्रूस निघाले. त्यांनी आशीर्वाद समजून खाल्ले.

३. शेजारीण इव्का हिला माझा लोकरी कोट, भरपाई म्हणून. टेनाने गोंदलेला पहिला माणसाचा हात तिचा. लहानपणी राहून गेले म्हणून इव्का सहासष्टाव्या वर्षी हौसेने बसली. मी बाजारात गेले होते. आमच्याकडे गोंदणारी बाई गोंदून घेणारीच्या शेजारी, त्याच बाकावर बसते, म्हणजे दोघींना हात एकाच बाजूने दिसतो. टेना दुकानातल्या सवयीने समोर बसली. तिला क्रूस सरळ दिसत होता. इव्काला उलटा मिळाला.

मी आले तशी टेना सुया आवरू लागली. मग इव्काच म्हणाली, "अगं रूझा, ओरडू नकोस पोरीवर. हात खाली सोडला की सरळ दिसतो."

"आणि प्रार्थनेला हात जोडलेस की?"

"नाही जोडणार. देवाला म्हणेन, खांदा दुखतो."

टेना त्यानंतर महिनाभर कोणाच्याही समोर बसली नाही, जेवायलासुद्धा.

४. आता घर. झारको दर उन्हाळ्यात श्टुटगार्टहून येतो, माझी कॉफी पितो आणि पावलांनी अंगण मोजतो. गेल्या वर्षी म्हणाला, "आत्या, सही करून टाक. इथे पर्यटकांसाठी लाकडी खोल्या बांधू, मागे पोहायचा तलाव. तुला खिडकीची खोली ठेवतो."

मी म्हणाले, "खिडकीची खोली माझीच आहे, बाळा. तुला कुठली देऊ याचा विचार करतेय."

हे घर त्या खिडकीखालच्या बाकासाठी ठेवले आहे. त्या बाकावर बसून गोंदणारे कोणी नसेल, तर नुसत्या भिंती राखण्यात मला रस नाही. म्हणून अट अशी: येत्या संत योसेफाच्या सणाला टेनाने माझा डावा हात उजव्यासारखाच गोंदावा, म्हणजे क्रूस, भोवती वर्तुळ आणि चार टोकांना डहाळ्या. साक्षीदारांसमोर काम पूर्ण झाले तर घर आणि बाक टेनाचे. न झाले तर सगळे झारकोचे; त्याने खुशाल तलाव खणावा.

५. बचत माझ्या अंत्यविधीसाठी. भाषण कोणी करू नये. झारकोने तर मुळीच नाही.

पोद्गाय, कँडलमासचा, म्हणजे मेणबत्त्यांच्या सणाचा दिवस, २ फेब्रुवारी २०१९.

पुरवणी, संत योसेफाच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी लिहिलेली

काल फ्रा बोनो, इव्का आणि टेना आले. झारकोही आला, रजा काढून. टेनाने हात धुतले, सुया उकळल्या आणि माझ्या शेजारी बसली. तिने अंगठ्याने माझी कातडी ताणली, सोडली, पुन्हा ताणली. ती कागदासारखी चुरगळली आणि तशीच राहिली.

"आत्या, कातडी फार पातळ झालीय."

"माझी आहे. मला माहीत आहे."

"गप्प बस. गोंदून घेणारीनं बोलायचं नाही, तूच शिकवलंस."

मी गप्प बसले. असे मी फारसे करत नाही, हे फ्रा बोनोंनी नंतर सर्वांना सांगितले. टेनाने क्रूस टोचला, बारीक, ठिपका ठिपका सुटा ठेवून, माझ्या बाजूने सरळ. मग तिने सुई भांड्यात ठेवली.

"वर्तुळ?" मी विचारले.

"नाही."

"टेना, घर जाईल."

"जाऊ दे. इथे शीर आहे, वर कातडीच नाही. वर्तुळ काढलं तर रंग फुटेल, आणि जन्मभर कोरा ठेवलेला हात मी शेवटी ढग करून देणार नाही."

झारको खुर्चीवरून उठला. "सगळ्यांनी ऐकलं ना? वर्तुळ नाही, डहाळ्या नाहीत. अट पूर्ण झालेली नाही."

"खाली बस रे," इव्का म्हणाली. "माझ्या हातावर वर्तुळ आहे बघ. हवं तर तेच मोज."

झारको बसला नाही, पण त्याचे म्हणणे खरे होते. टेना भांडे धुवायला घेऊन गेली. तिचे डोळे लाल होते, हात स्थिर होते. मी तिला सुई कशी धरायची ते शिकवले होते. कधी ठेवायची, हे मी शिकवलेले नव्हते.

म्हणून कलम चारमधली अट मी रद्द करते. ती मी घातली होती, ती चुकीची होती आणि ती मोडणे हेच बरोबर काम होते. घर आणि बाक टेनाला, विनाअट. झारकोला अंगणाची मापे, जी त्याला पाठ आहेत.

ओळखीच्या खुणेत दुरुस्ती: उजव्या पंजावर वर्तुळात क्रूस. डाव्या पंजावर क्रूस, वर्तुळाविना. सरळ.

सही उजव्या हाताने केली आहे. डाव्यावर अजून पट्टी आहे, आणि खपली पडेपर्यंत मी तो कोणाला दाखवणार नाही.

रूझा लोव्रिच

साक्षीदार:
फ्रा बोनो शिमिच, पोद्गायचे पाद्री
इव्का तादिच, शेजारीण. सही करताना दुसरा हात खाली सोडलेला

पोद्गाय, २० मार्च २०१९