पिवळा असा रंग नसतो

४ डिसेंबर १९९७, गुरुवार

सहा महिने. फार तर वर्ष.

डॉक्टर बोलत होते आणि मी त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले. साखरेमुळे ह्यांच्या डोळ्यांत आतून रक्त उतरलंय. लेझर दोनदा झालं, आता पुढे इलाज नाही. हे बाहेर बाकावर, थेंब घालून डोळे मिटून. "बहेन, हमणां एमने कशुं कहेता नहीं." ह्यांना एवढ्यात काही सांगू नका म्हणे डॉक्टर, आणि मी मुकाट मान डोलावली!

काय सांगणार? बावीस वर्षं साडीछपाईच्या मिलमध्ये ट्रेसिंग करणारा माणूस. साडीतल्या प्रत्येक रंगाची रेघ वेगळी काढायची, आणि एक रेघ केसभर सरकली तरी सगळा माल वाया. त्याला सांगायचं, डोळे जाणार?

बाहेर येऊन म्हटलं, "काही नाही, थेंब चालू ठेवा." किती सफाईने बोलले! वर्गात मुलं असं खोटं बोलली की मी बाकावर उभं करते.

५ डिसेंबर

ठरलं. म्हैसूर!

७ डिसेंबर, रविवार

आमच्या कपाटाच्या दाराला आतून एक जुनं कॅलेंडरचं चित्र चिकटवलेलं आहे, हातात दिवा घेतलेली बाई. माझ्याआधीपासून ती या घरात आहे. ह्यांचे धुळ्याचे ड्रॉइंगमास्तर म्हणायचे, "छापील बघून काय कळतं रे? खरं बघून ये. म्हैसूरला आहे." हे मला शंभरदा सांगून झालं, पण जायला कधी जमलं नाही. लगनसरा, म्हणजे लग्नांचा हंगाम, आला की मिलमध्ये श्वास घ्यायला फुरसत नसते, आणि सुरतेत लगनसरा संपतो कधी!

सकाळी विषय काढला. म्हटलं शनिवार-रविवार नुसती चित्रं बघायची. हे हसले. "एकदम? कोणी काही म्हणालं का?"

चोराच्या मनात चांदणं. चहा उतू गेला.

१० डिसेंबर

तिकिटं काढली. आठ जानेवारीला निघायचं, मुंबईला गाडी बदलायची, उतराणच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आत परत. स्टेशनवर दोन तास रांगेत. वेटिंग तेवीस-चोवीस. शाळेतल्या उषाबाईंची बहीण म्हैसूरला असते, तिला पत्र टाकलंय. राजवाड्यातलं चित्रसंग्रहालय किती वाजता उघडतं, जवळ लॉज कुठे, सगळं विचारलं.

रोज मिलमध्ये न्यायला भिकन येतो हल्ली, स्कूटर घेऊन. छपाईच्या टेबलावर काम करतो, लिंबायतला राहतो. उगाच कशाला एवढा वळसा घालतो? विचारलं तर हे म्हणतात, "प्रेम आहे त्याचं."

१४ डिसेंबर, रविवार

वर अगाशीवर, गच्चीत, गेलो होतो. पोरांनी आत्तापासून पतंग चढवलेत. ह्यांचं नवीन खूळ: मला रंग विचारायचे! समोरच्या बाईंची साडी कुठली, पतंग कुठला.

"पिवळा."

"पिवळा असा रंग नसतो, शकू. लिंबू? हळद? सोनचाफा?"

"पिवळा म्हणजे पिवळा!"

"नीट बघ ना जरा."

मी नीट बघू! आधी गंमत वाटली, आता कंटाळा आलाय. शाळेत मी शिकवायचं आणि घरी येऊन शिकायचं. तरी सांगते. हळद म्हटलं की विचारतात, ओली की दळलेली?

१८ डिसेंबर

म्हैसूरचं पत्र आलं. बसून छान कागद तयार केला. शनिवारी सकाळी चित्रं, दुपारी चित्रं, संध्याकाळी शिसवी लाकडात नक्षी बसवतात तिथे. रविवारी पुन्हा चित्रं. ह्यांच्यापुढे ठेवला. "वाच तू, माझा चष्मा कुठे गेला कोण जाणे." वाचला. तर म्हणाले, शनिवारी संध्याकाळी वीणेचं गाणंबजावणं कुठे असतं का, पत्रातून विचार. आणि रविवारी वीणा बनवणाऱ्यांकडे जाऊ.

वीणा! ज्या माणसाला भजन आणि भावगीत वेगळं कळत नाही, त्याला वीणा! हल्ली रेडिओसुद्धा उशाशी असतो.

१९ डिसेंबर

ही वही सकाळी टेबलावर उघडीच राहिली होती! चार तारखेचंच पान वर. ह्यांनीच उचलून माझ्या पिशवीत घातली. "तुझी शाळेची वही विसरत होतीस." वाचलं नाही, देवा. थोडक्यात बचावले.

२१ डिसेंबर, रविवार

भांडण. ह्यांनी आता रविवारची चित्रं सगळीच काढून टाकली. "शनिवारी सकाळी एक चित्र बघू. ते एक पुरे."

मी ओरडले. "एवढ्या लांब एका चित्रासाठी? तुम्हाला बघायचंच नाहीये काही!"

म्हणाले, "बघायचंय ना. म्हणून तर."

कागद फाडला मी. मग रडत रडत पुन्हा लिहून काढला. हा माणूस आपल्या हाताने आपले सहा महिने वाया घालवतोय आणि मी सांगू शकत नाही. मला भीती वाटते. त्यांच्या डोळ्यांची वाटते, आणि कळल्यावर ते माझ्याकडे कसे बघतील त्याची जास्त.

२२ डिसेंबर

अबोला. तरी संध्याकाळी विचारलंच, माझी साडी कुठल्या रंगाची. सांगितलं नाही.

३ जानेवारी १९९८, शनिवार

हे दाढी करायला गेले होते. भिकन पेढे घेऊन आला. त्याला ट्रेसिंगच्या कामावर कायम केलं म्हणे. मला वाटलं, आणखी एक माणूस घेतला असेल.

"दादानी माले शिकाडं, वहिनी. दिवायीपाईन मीच रेघ काढस. दादा बाजूले बसीसन सांगतस. तुमले माहीत नही का?"

म्हटलं, माहीत आहे. पेढा तोंडात फिरत राहिला.

दिवाळी! म्हणजे डॉक्टरांनी मला सांगायच्याही एक महिना आधी. मी ह्यांच्यापासून लपवतेय, आणि हे माझ्यापासून. माहीत तर आहे. पण किती?

विचारायचं धाडस झालं नाही. ह्यांना सांगितलं, भिकन पेढे देऊन गेला. "हो का?" एवढंच.

७ जानेवारी

तिकिटं पक्की झाली. बॅग भरली. कपाट उघडलं तर बाईच्या हातातल्या दिव्यावर मिलच्या रंगाचं बोट उमटलेलं दिसलं. कधीचं आहे कोण जाणे.

१० जानेवारी, म्हैसूर

खिडक्या लावलेल्या खोलीत आहे ती दिव्याची बाई. मी समोर उभी राहिले. हे माझा दंड धरून, मान जरा खाली.

"शकू, दिसतेय का?"

"तुम्हाला?"

"मला इथे नुसता अंधार आहे. उजेडात थोडे आकार कळतात, इतकंच. म्हणून तर महिनाभर तुला रंग विचारतोय." मग हळूच म्हणाले, "सांग आता. छापतो तसं. आधी सगळ्यात फिकट, मग एकेक गडद. घाई नको, एक रंग सुकल्याशिवाय दुसरा टाकत नाहीत."

दिव्याआड धरलेल्या तिच्या बोटांच्या फटीत बघितलं. नीट बघितलं.

"हळद," मी म्हटलं. "ओली."