गरीब युरेनियम, द्वाड युरेनियम

७ फेब्रुवारी १९८८
पिंजौरला ज्या घरात भाड्याने राहतो, तिथल्याच बोअरमध्ये युरेनियम निघालं. थीसिसचा विषय दारात आला. नशीब लागतं. किती आहे हा बाळबोध प्रश्न. कोणत्या रूपात आहे, ते महत्त्वाचं. एक रूप गरीब, शरीरातून निघून जातं. दुसरं द्वाड, किडनीत मुक्काम ठोकतं. माझा कॉम्प्युटर प्रोग्राम मार्चपर्यंत प्रमाण सांगेल. तोवर टँकरचं पाणी. वसुधाला सातवा महिना. तिने विचारलं, बोअरचं प्यायचं की नाही एवढंच सांगा ना. बायकांना केमिस्ट्रीत रस नसतो.

१३ फेब्रुवारी
युरेनियमचं रूप पाण्याच्या पीएचवर, म्हणजे आम्लतेवर ठरतं. तो बोअरपाशीच मोजायचा असतो. मीटर लॅबमध्ये राहिला. म्हणून बाटल्या घट्ट बंद करून चंडीगढला निघालो. नाक्यावर पोलिसांनी अतिरेकी शोधायला बस रिकामी केली. शिपायाने बाराही बुचं काढून वास घेतला. पाणी आहे म्हटलं, तर म्हणाला, सब यही कहते हैं. दोन पोरांना तिथेच ठेवून घेतलं. बस त्यांच्याशिवाय निघाली. मागे वळून कुणी पाहिलं नाही. मीही नाही.
बाटल्यांतला वायू उडाला, म्हणजे पीएच बदलला. सात धरला. शेवटी पाणीच ते.

१९ फेब्रुवारी
उत्तर आलं. गरीब ९२ टक्के. दुसऱ्या पुस्तकातले स्थिरांक घातले तर ३१. पहिल्याची बांधणी चांगली आहे, तेच घेतलं. उत्तर कितीने चुकू शकतं, ते त्यापुढे अधिक-उणे म्हणून लिहायची पद्धत आहे. पण आपणच आपलं उणंदुणं कशाला काढा?

२१ फेब्रुवारी
वसुधाचे थोरले भाऊ रघुनाथराव चंडीमंदिरच्या लष्करी छावणीत मेजर आहेत. त्यांचा निरोप आला, बाळंतपणापर्यंत तिला आमच्या क्वार्टरवर पाठवा, इथे नळाचं पाणी आहे. मग माझ्या मॉडेलची अब्रू काय राहिली? बाणेदारपणे कळवलं, बोअरचं पाणी पक्कं चांगलं आहे. वसुधाने बॅग भरली होती. साड्या परत कपाटात लावल्या. घरमालकीण बीजींनी टँकर बंद केला. म्हणाल्या, डाक्टर साब ने कह दित्ता ए. डॉक्टर व्हायचोय अजून, पण कानाला बरं वाटलं.

४ मार्च, दुपारी तीन
लॅबमध्ये अडकलो. सकाळी अतिरेक्यांनी एका बसवर गोळीबार केला. बसेस बंद, बाहेर कर्फ्यू. गाइड सरांनी माझ्या थीसिसचा ड्राफ्ट परत दिलाय. ९२ पुढे लाल शाईने अधिक-उणे, त्यापुढे प्रश्नचिन्ह. बाकी एक शब्द नाही. वेळ आहे तर करून टाकतो. पीएच थोडा खाली, थोडा वर. दोन्ही पुस्तकं.

पाच वाजता
गरीब युरेनियम चार ते शहाण्णव टक्के. पुन्हा चालवलं. तेच. म्हणजे मला काहीच माहीत नाही. बारा दिवस ती माझ्या शब्दावर ते पाणी पितेय. भीती वाटते.

सव्वापाच
ऑफिसातून चंडीमंदिरला फोन लावला. सगळं सांगितलं. रघुनाथराव रागावले असते तर बरं झालं असतं. तिला आणायला जीप पाठवतो म्हणाले. मग म्हणाले, इथल्या डॉक्टरांना सांगावं लागेल, श्यामकांतराव, ती दिवसाला पाणी किती पिते?
मला माहीत नव्हतं.