चिमूटभर धूप

अलेक्झांड्रिया,
पाउनी महिन्याचा तिसरा दिवस

प्रिय तामुस्था अक्का,

सगळ्यात आधी, तू आणि घरातली सगळी माणसं, गुराढोरांसकट, खुशाल असा अशी रोजची प्रार्थना आहे. मी बरा आहे. तू पाठवलेले खारवलेले मासे पोचले. होडीवाल्याने वाटेत चार-पाच तरी गट्ट केले असणार, कारण मडक्याच्या तोंडाला बांधलेली गाठ तुझ्या हातची नव्हती. उरले ते मी मसुराच्या आमटीबरोबर पुरवून पुरवून खातो आहे.

तुझा भाऊ शहरात मोठा माणूस झाला, हे तू गावात ज्याला त्याला सांगत असशीलच. सांग, सांग. आचार्य लिकारिओन बोलतात आणि मी उतरवून घेतो. त्यांच्या तोंडून शास्त्राचा अर्थ निघाला की तो पहिल्यांदा माझ्या हातात येतो, मग जगात जातो. उकिरड्यावरून उचलून आणल्यासारखं कोप्रेस, म्हणजे शेण, असं नाव ठेवलेल्या पोराला याहून जास्त काय हवं?

परवा वर्गात एकाने विचारलं, "आचार्य, शास्त्रातली ती गाढवी माणसासारखी बोलली म्हणतात. ती कोणत्या भाषेत बोलली असेल?" सगळे हसले. आचार्य म्हणाले, "तू अजून गाढवीवरच बसला आहेस बाबा. उतर आणि घरात ये." त्यांचं म्हणणं असं, की शास्त्राच्या प्रत्येक वचनाला माणसासारखंच शरीर असतं, मन असतं आणि आत्मा असतो. वरवरचे शब्द हे शरीर. त्यातून वागण्याचा जो धडा मिळतो ते मन. आणि त्याच्याही आत देवाने ठेवलेला अर्थ, तो आत्मा. जो शब्दांपाशीच थांबला, तो उंबऱ्यावरून परत गेला.

आता कामाचं. सम्राटाचा हुकूम तुमच्याकडेही पोचला असेल. मूर्ती न मानणाऱ्या आपल्यासकट प्रत्येकाने देवळात जायचं, मूर्तीपुढे दारू ओतायची, धूप टाकायचा, बळीच्या मांसाचा एक घास खायचा, आणि दोन अधिकाऱ्यांच्या सहीचा दाखला घ्यायचा, नाहीतर कोठडी. महिनाअखेरीस ते तुमच्या फिलाग्रिसमध्येही येतील. तू हट्टी आहेस हे मला माहीत आहे, म्हणून लिहितो. अक्का, नीट विचार कर. धूप म्हणजे झाडाचा डिंक. मांस म्हणजे मांस. हे सगळं शरीर झालं. तुझा आत्मा कुठे आहे ते देव बघतो, तुझी चिमूट कुठे गेली ते नाही. शास्त्र वाचायची जी रीत, तीच आपल्या कृतीलाही लागू पडते. इथल्या पुष्कळ समजूतदार माणसांनी असाच विचार केला. त्यांच्यावर आभाळ कोसळलं नाही.

वाचून दाखवायला सोतासला सांग. तो देवळाचा कारकून असला तरी पोटात ठेवणारा माणूस आहे. आणि माझं ऐक. आजवर मी तुला वाईट सल्ला दिला आहे का?

तुझा धाकटा,
कोप्रेस


अलेक्झांड्रिया,
पाउनी महिन्याचा विसावा दिवस

अक्का,

तू बरी असशील. असायलाच हवीस. घरच्यांना नमस्कार.

माझं पहिलं पत्र फाडून टाक. चुलीत घाल. त्यातलं काहीही करू नकोस. हे आधी लिहितो, म्हणजे सोतासला पुढचं वाचायला वेळ झाला नाही तरी एवढं तुझ्या कानावर पडेल. अधिकारी आले तर शेजारच्या गावी जा, तळ्यापलीकडच्या वेतात लप, काय वाटेल ते कर, पण देवळात जाऊ नकोस. होडीवाल्याच्या पाया पडलो आहे, वाटेत कुठे मुक्काम करू नकोस म्हणून.

घाईत लिहितो आहे. अक्षर बघून सोतास हसेल. हसू दे.

आचार्यांना पकडलं. आम्हाला वाटलं होतं, त्यांना कोण हात लावणार? सत्तर वर्षांचा माणूस, अर्ध्या शहरातल्या शिकल्यासवरल्यांचा गुरू. काल त्यांना भर सकाळी न्यायसभेत आणलं. मी गर्दीत खांबाला टेकून उभा होतो. न्यायाधीश उठून उभा राहिला, त्यांना बसायला आसन दिलं. मला बरं वाटलं. वाटलं, बोलाचाली होईल आणि सोडून देतील.

न्यायाधीश अगदी गोड आवाजात म्हणाला, "आचार्य, तुम्हाला मी काय शिकवणार? तुमचीच शिकवण तुम्हाला परत करतो. धूप म्हणजे झाडाचा डिंक. मांस म्हणजे मांस. हे सगळं शरीर झालं. तुमचा आत्मा कुठे आहे ते देव बघतो, चिमूट कुठे गेली ते नाही. टाका चिमूटभर आणि घरी जा. विद्यार्थी वाट बघत असतील."

अक्का, हे शब्द तुला ओळखीचे वाटतील. का, ते सांगतो. थांब, आधी पुढचं सांगू दे.

आचार्य म्हणाले, "हे वाक्य माझ्या वर्गातल्यासारखं वाटतं. बांधणी माझीच आहे."

न्यायाधीश म्हणाला, "मग अडचण काय?"

"अडचण अशी, की मी मुलांना शब्दामागे बघायला शिकवलं. शब्दामागे लपायला नाही."

"पण तुम्हीच म्हणता ना, की प्रत्येक वचनाला आतला अर्थ असतो? माणसांसमोर जो आपल्या प्रभूला नाकारील, त्याला प्रभूही नाकारील, असं तुमच्या शास्त्रात जे लिहिलं आहे, त्यालाही असेलच."

आचार्य हसले. खरंच हसले, वर्गात हसतात तसे. "पन्नास वर्षं शोधतो आहे," ते म्हणाले. "त्या वचनाला दुसरा अर्थ सापडला असता तर मला आज फार सोयीचं झालं असतं. नाही सापडला. ते जसं लिहिलं आहे तसंच आहे."

न्यायाधीशाचा गोडवा गेला. त्याने आचार्यांना कोठडीत नेऊन खोड्यात घालायला सांगितलं. खोडा म्हणजे लाकडाच्या फळीला भोकं असतात, पाय एकमेकांपासून ताणून त्यात अडकवतात. म्हाताऱ्याचे पाय चौथ्या भोकापर्यंत ताणले. मी आवाज ऐकला. हाडाचा होता का लाकडाचा, मला कळलं नाही, आणि मला ते कळून घ्यायचंही नाही.

आता सांगतो.

ते वाक्य माझं होतं. तुला पाठवलेल्या पत्रात मी तेच लिहिलं, पण त्याआधी ते मी देवळात बोललो होतो. तुला पत्र लिहिलं त्याच्या पाच दिवस आधी. माझं नाव पुकारलं तेव्हा मी गेलो. दारू ओतली, धूप टाकला, घास गिळला. अधिकारी मला ओळखत होता. म्हणाला, "अरे, तू लिकारिओनचा लेखनिक ना? तुझा हात थरथरत कसा नाही?" आणि मला, मला मूर्खाला, तिथेसुद्धा शहाणपण दाखवायची हौस. मी त्याला सगळं समजावून सांगितलं, शरीर काय, आत्मा काय. तो खूश झाला. "पुन्हा सांग," म्हणाला, आणि त्याने ते लिहून घेतलं. आयुष्यभर मी दुसऱ्याचं बोलणं उतरवून घेत आलो. माझं बोलणं पहिल्यांदा कुणीतरी उतरवून घेतलं, याचा मला आनंद झाला, अक्का. दाखला कमरेला खोचून मी शीळ घालत घरी आलो.

आज दुपारी पहारेकऱ्याची मनधरणी करून कोठडीत गेलो. पाणी आणि भिजवलेली भाकरी घेऊन. आचार्यांना मान वळवता येत नव्हती. मी भरवलं. म्हणाले, "कोप्रेस, लेखणी आणली नाहीस? आज जरा सुचत होतं." मग थोड्या वेळाने, "ते वाक्य कुणी दिलं असेल रे त्यांना? जो कुणी असेल, त्याचं पाठांतर पक्कं आहे." मी म्हणालो, "पाणी देऊ का अजून?"

एवढंच म्हणालो.

माझ्या तोंडाला कशाची चव लागत नाही. मला वाटलं होतं, मी मूर्तीपुढे नुसतं शरीराने उभा आहे. पण मग जे माझ्या आत होतं ते त्या वेळी कुठे गेलं होतं? तेही तिथेच होतं, माझ्याबरोबर, आणि ते भ्यालं होतं.

तू जाऊ नकोस. एवढी एकच गोष्ट माझ्याकडे वाचवण्यासारखी राहिली आहे.

कोप्रेस


फिलाग्रिस,
एपेफ महिन्याचा सहावा दिवस

कोप्रेस, माझ्या बाळा,

आधी तुझी तब्येत. जेवत जा. आम्ही सगळे बरे आहोत, करडी गाय व्यायली, कालवड झाली. सोतास म्हणतो थोडक्यात सांग, पान लहान आहे. त्याला म्हटलं, तू लिही, मी बघते काय ते.

तुझं दुसरं पत्र चार दिवस उशिरा आलं. तोवर मी देवळात जाऊन आले होते.

आता डोकं आपटून घेऊ नकोस, पूर्ण ऐक. तुला वाटेल, अक्का माझ्या शब्दाला भुलली. अरे, तुझं ते पहिलं पत्र सोतासने तीनदा वाचलं. शरीर, मन, आत्मा, मला त्यातलं काडीचं कळलं नाही आणि कळून घ्यायचंही नव्हतं. सोतास म्हणाला, "तुझा भाऊ फार विद्वान झाला गं." मी म्हटलं, "विद्वान कुठला, घाबरला आहे तो. जाऊन आला आहे." तो म्हणाला, "असं कुठे लिहिलं आहे?" लिहायला कशाला हवं? लहानपणी तू मडकं फोडलंस की अंगणात येऊन मला मोठमोठ्या गोष्टी सांगायचास, शेजारच्यांची मडकी कशी फुटतात, मडकं म्हणजे शेवटी मातीच, असलं काहीबाही. मी आत जाऊन खापरं उचलायचे. पत्र ऐकताना मला तुझा तोच आवाज ऐकू आला. मी त्या दिवशी जेवले नाही.

मग अधिकारी आले. देवळाच्या चौकात सगळं गाव उभं. माझ्या पुढे तिघीजणी होत्या आपल्यातल्या. एकीने नाही म्हटलं, तिला लगेच बांधलं. मी पण नाहीच म्हणणार होते. मनाची तयारी झाली होती, खोटं सांगत नाही. पण नाव पुकारलं, "तामुस्था, हेरोनची मुलगी," आणि बाबांचं नाव कानावर पडलं तशी आई डोळ्यांपुढे आली. मरताना तिने तुला माझ्या ओटीत टाकलं होतं. मला वाटलं, मी आता ताठ उभी राहिले तर उद्या देव मला आत घेईल आणि माझा कोप्रेस बाहेर एकटा राहील. त्याला कुणी हाक मारायला नसेल. मला ते सहन झालं नाही.

म्हणून मी ओतलं, टाकलं, खाल्लं. मनात दुसरा अर्थबिर्थ काही धरला नाही. जे पाप आहे ते पाप म्हणूनच केलं, उघड्या डोळ्यांनी. चूक केली असेल. फार मोठी केली असेल. देवाला सांगायला माझ्याकडे तुझ्यासारखी वाक्यं नाहीत.

सोतास लिहिता लिहिता थांबला आहे. लिही रे, रडतोस काय, ज्याच्यापुढे मी धूप टाकला तो तर तुझाच देव आहे.

एका गोष्टीचा मला राग आला, तो सांगते. आचार्यांना तू पाणी दिलंस आणि खरं सांगितलं नाहीस. जा आणि सांग. ते आहेत तोवर जा. म्हणावं, ते वाक्य माझं होतं. त्यांनी थोबाडीत मारली तर खा. नाही मारली तर जास्त लागेल, तेही सोस.

आपल्या प्रार्थनाघरातल्या वडीलधाऱ्यांनी ठरवलं आहे, की ज्यांनी खाल्लं त्यांनी आत यायचं नाही, दाराबाहेर उभं राहायचं. किती वर्षं, ते त्यांनाही ठाऊक नाही. त्या बांधून नेलेल्या बाईची सून आत जाताना माझ्याकडे बघून थुंकली. बरोबर केलं तिने. काल मी पहिल्यांदा उभी राहिले. ऊन फार होतं. आतलं सगळं ऐकू येतं, नुसतं दिसत नाही. मी शेजारी जागा सोडून जराशी सरकून उभी होते, कुणीतरी विचारलं तेव्हा सांगितलं, ही जागा माझ्या भावाची आहे.

आचार्यांना सांगून झालं की ये.

दाराबाहेर,
तुझी थोरली बहीण तामुस्था

हे तिने सांगितलं आणि कारकून सोतासने लिहिलं, कारण तिला वाचता येत नाही.